सतरा नंबरचा खण

१

सोमवारी सकाळी प्रयोगशाळेतला मोठा फ्रीझर उघडला, चार नंबरच्या पेटीचं झाकण निघालं, आणि सतरा नंबरचा खण रिकामा दिसला.

तसं पाहिलं तर रिकाम्या खणाचं तिथे कुणाला अप्रूप नव्हतं. पोटाच्या कॅन्सरच्या चाळीस पेशंटांच्या गाठींचे वाटाण्याएवढे तुकडे एकेका ट्यूबमध्ये, उणे ऐंशी अंशांत त्या पेटीत ठेवलेले होते, आणि एखादा पेशंट वारला की त्याची ट्यूब सर्वांत खालच्या कप्प्यात हलवायची, अशी पद्धत होती. शेजारचा अठराचा खणही रिकामाच होता. ‘मुक्ताई पवळे, सप्टेंबरात निधन’ अशी त्याची रीतसर नोंद होती. पण सतरा नंबरचा माणूस जिवंत होता. कोंडीराम ढेबे त्याचं नाव, मार्केट यार्डातला हमाल, वय अठ्ठावन्न.

कोंडीरामचं ऑपरेशन मागच्या वर्षी जानेवारीत झालं. वर्षभर बरा गेला आणि या फेब्रुवारीत गाठ परत आली. प्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या एका नव्या औषधाची चाचणी प्रयोगशाळेमार्फत चालू होती, पण कोंडीरामच्या जुन्या रिपोर्टप्रमाणे ते औषध त्याला लागू पडणार नव्हतं. त्याच्या मुलीने, राजनंदिनीने, शुक्रवारी अर्ज दिला: तुकडा पुन्हा तपासा. नियमाप्रमाणे तपासणी ऑपरेशनच्या वेळच्या तुकड्यावरच व्हायची. चाचणीची यादी येत्या शनिवारी बंद होणार होती. आणि सोमवारी तुकडाच गायब.

पोलिसांत जायला वेळ नव्हता, म्हणून संस्थेने प्रेमलाताई गजभिये यांना बोलावलं. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं रक्ताचे डाग वाचून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि इथल्या नैतिक समितीवर बाहेरच्या सदस्य होत्या. या फ्रीझरशी त्यांचं आणखीही एक नातं होतं. त्यांचे यजमान आनंद तीन वर्षांपूर्वी याच आजाराने गेले. खालच्या कप्प्यात त्यांचीही एक ट्यूब होती.

कर्वेनगरातल्या घरून त्या चालतच आल्या. फ्रीझरपाशी तिघे उभे होते: विभागप्रमुख डॉ. सौमित्र नगरकर, पीएच.डी. करणारा प्रज्ञेश आणि सव्वीस वर्षं इथेच नोकरीत असलेली तंत्रज्ञ शैला टिळेकर. कुलपाचा आकडा या तिघांनाच ठाऊक होता. शुक्रवारी अर्ज आला आणि शनिवार-रविवारी कुणीतरी ट्यूब पळवली, असं सगळे धरून चालले होते. तिघेही एकमेकांकडे पाहायचं टाळत होते.

प्रेमलाताईंनी चष्मा वर केला आणि चिमट्याने सोळाची ट्यूब उचलली. खणाचा तळ कोरडा होता, कारण ट्यूब असते तिथे बर्फ साचायला जागाच नसते. मग चिमट्याचं टोक त्यांनी अठराच्या खणात घातलं. तिथे सहा महिन्यांचा बर्फ बसून दगड झाला होता. शेवटी सतरा. तिथेही तसाच कठीण थर होता, अठरापेक्षा थोडा पातळ इतकंच.

“शुक्रवारचा अर्ज विसरा,” त्या म्हणाल्या. “ही ट्यूब जाऊन महिने झालेत.”

२

पहिल्यांदा त्यांनी सौमित्रना गाठलं. माणूस हुशार, पण आपली हुशारी दुसऱ्याच्या नजरेतून निसटू नये म्हणून फार जपणारा. पुढच्या महिन्यात त्यांचा शोधनिबंध छापून येणार होता. एखादा रिपोर्ट चुकीचा ठरला असता तर सगळ्यांत जास्त नाचक्की त्यांचीच होणार होती, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

विषय मात्र त्यांनी सोपा करून सांगितला. आरएनए म्हणजे पेशीतला निरोप, त्यावरून प्रथिन बनतं, असं शाळेत शिकवतात. पण काही आरएनए कसलंच प्रथिन बनवत नाहीत. त्यांना नॉन-कोडिंग म्हणतात. पेशीत कोणी बोलायचं आणि कोणी गप्प बसायचं, हे ते ठरवतात. सौमित्रनी शोधलेल्या अशा एका आरएनएला प्रयोगशाळेत ‘के-सात’ म्हणत. गाठीत के-सात जास्त असला की गाठ शरीराच्या पहारेकऱ्यांना दारातूनच परत पाठवते आणि औषध वाया जातं. कमी असला तर औषध काम करतं. सतरा नंबरचा, म्हणजे कोंडीरामचा, के-सात खूप जास्त आला होता.

“आणि तुमचं अनुमान कुणाच्या बाबतीत फसलं?” प्रेमलाताईंनी विचारलं.

एकाच पेशंटच्या बाबतीत, सौमित्र म्हणाले. मुक्ताई पवळे. तिचा के-सात अगदी कमी होता म्हणून नेहमीची केमो थांबवून तिला हे औषध दिलं, आणि आठ महिन्यांत ती गेली. का, ते त्यांना आजतागायत उमगलं नव्हतं. निबंधात त्यांनी ते तसंच लिहिलं होतं. खोटं बोलणारा माणूस आपलं अपयश असं हातात आणून देत नाही, एवढं प्रेमलाताईंनी मनात टिपून ठेवलं.

प्रज्ञेशने “जय भीम, मॅडम,” म्हणून खुर्ची पुढे केली आणि त्यानंतर एकदाही त्यांच्या डोळ्याला डोळा दिला नाही. चंद्रपूरहून आलेला, वडील कारखान्यात कामगार, घराण्यातला पहिला डॉक्टर होणारा मुलगा. आकडे सगळे त्याच्याच हातचे. त्याने छापील तक्ता दिला. वर मथळा होता: ‘चोवीस नॉन-कोडिंग आरएनए, इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने.’ प्रेमलाताईंना काहीही हातात आलं की मोजायची सवय होती. रकाने तेवीस निघाले. शेवटचा रकाना यू या अक्षरावर संपत होता.

त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. तक्त्याची घडी करून पिशवीत ठेवली.

शैला मात्र भरभरून बोलली. फ्रीझर म्हणजे तिचं देवघर. अतिथंड ट्यूबवर लेबल चिकटत नाही आणि शाईही बसत नाही, म्हणून ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी यादी हाती आली की ती त्याच क्रमाने ट्यूबना लेबलं लावून ठेवायची. सकाळी ऑपरेशन थिएटरच्या दारातून ट्रे बाहेर यायचा, आतून ‘पहिला’ अशी हाक यायची, की पहिला तुकडा पहिल्या ट्यूबमध्ये घालून लगेच गोठवायचा. मग ‘दुसरा’. अर्धं मिनिट जरी उशीर झाला तरी आरएनए नासायला लागतो. सव्वीस वर्षांत आपल्या हातून एक लेबल सुटलं नाही, हे तिने दोनदा सांगितलं.

सकाळच्या शोधाशोधीचा कागदही तिनेच भरला होता. प्रत्येक पेटीपुढे बरोबरची खूण होती. फक्त खालच्या कप्प्यापुढे नव्हती. तिथे गेलेल्या माणसांच्या ट्यूब, तिथे काय शोधायचं, असं ती म्हणाली.

निघताना प्रेमलाताईंना राहवलं नाही. “शैला, एकदा ह्यांची ट्यूब दाखवतेस?”

दर वर्षी आनंदच्या स्मृतिदिनाला शैला स्वतः फोन करायची. या, म्हणायची, आणि ट्यूबवरचा बर्फ हातमोज्याने पुसून दोन क्षण त्यांच्यासमोर धरायची.

“आज नको ना, बाई,” शैला म्हणाली, आणि तिने फ्रीझरच्या दाराला पाठ लावली.

३

मंगळवारी प्रेमलाताई मार्केट यार्डाजवळच्या दोन खोल्यांच्या घरात कोंडीरामसमोर बसल्या होत्या. ज्या खांद्याने तीस वर्षं कांद्याची पोती वाहिली, तो शर्टाखाली आता हाडासकट दिसत होता. राजनंदिनीने ऑफिसातून रजा घेतली होती. तिने फायली काढल्या, तारखा सांगितल्या, आणि सांगता सांगता तिचा आवाज फाटला. “मॅम, मला फक्त फेअर चान्स हवाय. रिपोर्ट खराबच आला तर आम्ही अ‍ॅक्सेप्ट करू. पण तपासायलाच काही नाही, हे कसं ऐकून घेऊ?”

प्रेमलाताईंनी तिला धीर दिला नाही. खोटा धीर देणं त्यांना जमत नसे, आणि तीन वर्षांपूर्वी लोकांनी दिलेला तसला धीर त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी कोंडीरामला फक्त ऑपरेशनचा दिवस आठवून सांगायला सांगितलं.

“पहाटं चारला च्या लागतोच बगा मला,” कोंडीराम म्हणाला. “यार्डातली सवय. त्या दिशी बी खाली गेटापाशी जाऊन कडक च्या प्यालो, दोन बिस्कुटं खाल्ली. सिस्टरनं इचारलं, काय खाल्लं का? मला खोटं बोलाया येत न्हाई. लई वरडली. मग डाक्टर म्हनले, ह्याला दुपारी घ्या.”

“तुमचा नंबर पहिला होता?”

“व्हय, पैला माजाच. मग माज्या जागी शेजारच्या म्हातारीला आत न्हेली. म्या भ्यालेलो. तर तीच मला म्हनती कशी, ‘भिऊ नगंस बाबा, मी फुडं जाऊन बगून येते.’” तो हसला आणि हसताना पोटावर हात धरला. “कशी हाय वो ती?”

प्रेमलाताईंच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. ती म्हातारी कोण आणि ती कशी आहे, हे त्यांना आता कळलं होतं. तक्त्यातून गळलेला चोविसावा रकाना कुठला, हेही कळलं होतं.

“चौकशी करून सांगते,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

४

रिक्षा थेट प्रयोगशाळेच्या दारात थांबली. प्रज्ञेश एकटाच होता. प्रेमलाताईंनी तक्ता टेबलावर पसरला आणि शेवटच्या रकान्यापुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

“यूनंतर इथे एक्सचा रकाना हवा होता,” त्या म्हणाल्या. “झिस्ट कुठे आहे?”

प्रज्ञेशने हातातला पेन खाली ठेवला.

झिस्ट हाही नॉन-कोडिंग आरएनए, इंग्रजीत त्याचं नाव एक्स या अक्षराने सुरू होतं. बाईच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन असतात, त्यातलं एक गप्प ठेवावं लागतं, आणि ते काम झिस्ट करतो. पुरुषाच्या पेशीला त्याची गरजच नाही, म्हणून तो तिथे दिसत नाही. डाग बाईचा की पुरुषाचा, या एका प्रश्नावर प्रेमलाताईंनी आयुष्य काढलं होतं. “सतरा नंबरला, कोंडीराम ढेबे या नावाला, झिस्ट भरपूर आला. आणि अठराला, मुक्ताईला, शून्य. बरोबर?”

प्रज्ञेशने मान हलवली. नोव्हेंबरात आकडे पुन्हा तपासताना त्याला ते दिसलं होतं. तुकड्यांची अदलाबदल झालीय हे कळायला त्याला दोन मिनिटं लागली आणि त्यानंतर चार महिने तो मूग गिळून बसला. मुक्ताईबाई जाऊन दोन महिने झाले होते. कोंडीराम तेव्हा ठणठणीत होते. सांगून कुणाचं भलं होणार होतं, असं त्याने स्वतःला समजावलं. ज्या बाईचं नाव त्यात येणार होतं तिने त्याला कावीळ झाली तेव्हा महिनाभर आपल्या घरून डबा आणला होता. अर्ज आल्यापासून तो जेवला नव्हता.

“रकाना तू लपवलास,” प्रेमलाताई म्हणाल्या. त्यांना त्याचा राग आला होता, आणि आपल्याच मुलाचा यावा तसा आला होता. “तुझ्या गप्प बसण्याने एका जिवंत माणसाची वाट अडली. शिकून मोठं व्हायचं ते यासाठी?”

तो रडायला लागला. मग म्हणाला, “पण ट्यूब मी नाही काढली, मॅडम. आईची शपथ. मी फक्त एकाच माणसाला सांगितलं होतं.”

५

बुधवारी सकाळी प्रेमलाताईंनी तिघांना फ्रीझरपाशी उभं केलं. आवाज न चढवता त्यांनी एकेक गोष्ट मांडली. आदल्या संध्याकाळची यादी: पहिला कोंडीराम, दुसरी मुक्ताई. त्याप्रमाणे लेबलं लागली. सकाळी कोंडीराम चहा प्याला म्हणून क्रम बदलला. तो वॉर्डला कळला, थिएटरला कळला, पण दाराबाहेर ट्रेची वाट पाहणाऱ्या शैलाला कुणी कळवलं नाही. आतून हाक आली ‘पहिला’. पहिल्या ट्यूबवर कोंडीरामचं नाव होतं. तुकडा मुक्ताईचा होता.

सौमित्र खाली बसले. मुक्ताई आपल्या अनुमानात का बसली नाही, ते त्यांना त्या क्षणी समजलं. औषध ज्याला लागू पडणार होतं त्याला नाकारलं गेलं, आणि जिला पडणार नव्हतं तिची केमो थांबवली गेली.

“आता ट्यूब,” प्रेमलाताई म्हणाल्या. “सतराच्या खणातला बर्फ अठरापेक्षा पातळ आहे. म्हणजे ती सप्टेंबरनंतर गेली. प्रज्ञेशने नोव्हेंबरात एकाच माणसाला सांगितलं. त्या माणसाने ती काढली. पण सव्वीस वर्षं हे तुकडे जपलेला हात ती कचऱ्यात टाकेल, हे मला पटत नाही. ती इथेच असणार. जिथे शोधायची खूण झाली नाही, आणि जिथे माझ्या नवऱ्याची ट्यूब मला दाखवता आली नाही, तिथे.”

शैलाने काही नाकारलं नाही. हातमोजे चढवले, गुडघ्यावर बसली, खालचा कप्पा ओढला आणि पेटी वर काढली. आनंद गजभिये यांच्या ट्यूबच्या मागच्याच ओळीत दोन ट्यूब शेजारी शेजारी होत्या. अठरा आणि सतरा.

“ती त्या बाईंची आहे ना,” शैला म्हणाली. “गेलेल्यांची जागा ही. कुणी तपासू नये म्हणून काढली, हे खरं. पण टाकवेना. माणसाने विश्वासाने दिलेलं असतं, बाई.” तिने सतरावरचा बर्फ हातमोज्याने पुसला. “मी नाव विचारलं नाही. पहिला म्हणाले, मी पहिला घेतला. सव्वीस वर्षं तसाच घेत आले.”

प्रेमलाताईंनी वाकून अठरा नंबरच्या ट्यूबवर बोट ठेवलं.

“सतरा मिळाली याचा कोंडीरामला काही उपयोग नाही,” त्या म्हणाल्या. “ती मुक्ताईची आहे. त्याचा तुकडा कधी हरवलाच नव्हता. सहा महिने तो गेलेल्यांच्या पेटीत पडून आहे, तिच्या नावाने. सौमित्र, आज बुधवार आहे.”

६

गुरुवारी दुसऱ्या प्रयोगशाळेत अठरा नंबरची ट्यूब उघडली. शुक्रवारी दुपारी रिपोर्ट आला. झिस्ट नाही, तुकडा पुरुषाचा. राजनंदिनीच्या आणि वडिलांच्या रक्ताशीही तो जुळला. के-सात अगदी कमी. संध्याकाळच्या आत कोंडीराम ढेबे हे नाव यादीत चढलं.

सौमित्रनी निबंध मागे घेतला आणि मुक्ताईच्या मुलाला पत्र लिहायला बसले. चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं. प्रज्ञेशने चोविसावा रकाना परत आणला आणि आपला कबुलीजबाब सही करून समितीकडे दिला. शैलाने राजीनामा लिहिला होता. चौकशी संपेपर्यंत जागा सोडून जायचं नाही, असं प्रेमलाताईंनी तिला बजावलं. जायच्या आधी एक काम आहे, असंही सांगितलं.

म्हणून शनिवारी सकाळी दोघी मार्केट यार्डाजवळच्या त्या घरी गेल्या. रिक्षात प्रेमलाताईंनी शैलाला एवढंच सांगितलं, चहाचं बोलू नकोस.

औषध सुरू होणार हे राजनंदिनीला कळलेलंच होतं. ते काम करील की नाही हे कुणीच सांगू शकत नाही, हेही प्रेमलाताईंनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. तरी ती दारातच त्यांच्या पायाशी वाकली. कोंडीराम भिंतीला टेकून बसला होता. शैलाने त्याच्यासमोर बसून हात जोडले आणि आपली चूक पहिल्यापासून सांगितली, एकही शब्द न चोरता. चहा तेवढा वगळला.

कोंडीरामने शांतपणे ऐकून घेतलं. मग प्रेमलाताईंकडे वळला. “त्या दिशी इचारलं हुतं तुमास्नी. म्हातारी कशी हाय?”

“गेल्या त्या,” शैलानेच उत्तर दिलं. “सप्टेंबरात.”

शेजारच्या खोलीत स्टोव्हवर आधण ठेवलेलं होतं, त्याचा आवाज येत होता. कोंडीरामने तिकडे पाहिलं. शाळा दुसरीत सुटलेली असली तरी त्याला संगती लावायला वेळ लागला नाही.

“म्या च्या प्यालो,” तो म्हणाला, “म्हनून माजी पाळी तिला ग्येली.”

“नाही,” प्रेमलाताई म्हणाल्या. आयुष्यात एवढा ठाम निष्कर्ष त्यांनी कधी दिला नव्हता. “तुम्ही चहा प्यालात आणि खरं सांगितलंत. त्या दिवशी त्या इमारतीत खरं बोललेला माणूस तुम्हीच. ती गेली ते आम्ही कुणी तिला नाव विचारलं नाही म्हणून.”

कोंडीरामच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. शेवटी त्याने शैलाकडे पाहिलं.

“काय नाव हुतं तिचं?”

“मुक्ताई,” शैला म्हणाली. “मुक्ताई पवळे.”

कोंडीरामने ते नाव हळूच दोनदा म्हणून पाहिलं आणि मग लेकीला आत हाक मारून सांगितलं, की चहा सगळ्यांना आण.